दूधआईची पिल्ले

मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲबी लॅथ्रॉप नावाच्या बाई उंदीर पाळत असत. आधी त्या शिक्षिका होत्या. प्रकृती साथ देईना म्हणून शाळा सुटली, मग कोंबड्या पाळून पाहिल्या, त्यातही जम बसला नाही. गोल गोल गिरक्या घेणाऱ्या उंदरांची एक जोडी आणून त्यांनी हौशी लोकांसाठी उंदीर वाढवायला घेतले आणि धंदा चालला. थोड्याच वर्षांत गिऱ्हाइके बदलली. घरात शोभेला उंदीर ठेवणाऱ्यांपेक्षा प्रयोगशाळांच्या मागण्या जास्त येऊ लागल्या. त्यांच्या गोठ्यात एके काळी अकरा हजारांहून अधिक उंदीर होते, आणि कोणती पिल्ले कोणाची हे बाई वहीत टिपून ठेवत.

1908 च्या सुमाराला काही उंदरांच्या कातडीखाली गाठी दिसू लागल्या. लॅथ्रॉपबाईंनी नमुने शास्त्रज्ञांकडे पाठवले. लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञांनी त्या तपासल्या आणि हा कर्करोग आहे असे कळवले. तिथून दोघांचे संयुक्त काम सुरू झाले, ते 1918 साली बाईंच्या मृत्यूपर्यंत चालले. काही घराण्यांतल्या माद्यांना स्तनांचा कर्करोग फार होतो, काहींत जवळपास होतच नाही, हे त्यांनी वहीच्या आधारे दाखवले. कोवळ्या वयात अंडाशय काढले तर त्याच घराण्यातल्या माद्यांमध्ये कर्करोग कमी होतो, हेही दाखवले. वैद्यकाची पदवी नसलेल्या एका बाईच्या नोंदींमुळे स्तनांच्या कर्करोगाचे दोन धागे हाती आले: आनुवंशिकता आणि संप्रेरके. तिसरा धागा अजून कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. तो सापडायला आणखी वीस वर्षे लागली, आणि त्याचा अर्थ कळायला त्यावर आणखी साठ.

शरीरातल्या रोगप्रतिकारक पेशी म्हणजे आपले पहारेकरी, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते खोटे नाही. पण उंदरांच्या या एका रोगाचा इतिहास वाचला की ते चित्र किती अपुरे आहे हे कळते. इथे रोग आला तोच पहारेकऱ्यांच्या खांद्यावर बसून.

लॅथ्रॉपबाईंचे उंदीर विकत घेणाऱ्यांत हार्वर्डचा एक तरुण होता, क्लॅरेन्स कुक लिटल. सख्ख्या भावाबहिणींच्या जोड्या पिढ्यान्‌पिढ्या लावत गेले की शेवटी एका जातीचे सगळे उंदीर आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे होतात. अशा उंदरांवर केलेला प्रयोग दुसऱ्या कोणालाही जसाच्या तसा करून पाहता येतो. लिटल यांनी या कल्पनेला आयुष्य वाहिले. 1929 मध्ये डेट्रॉइटच्या मोटारधंद्यातल्या धनिकांच्या मदतीने त्यांनी मेन राज्यात, बार हार्बर या समुद्रकाठच्या गावी जॅक्सन प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग रक्तातून, घराण्यातून उतरतो अशी त्यांची पक्की धारणा होती. प्रयोगशाळेने मात्र पहिला मोठा शोध लावला तो या धारणेला तडा देणारा.

प्रयोग साधा होता. कर्करोग हमखास होणाऱ्या जातीची मादी आणि क्वचित होणाऱ्या जातीचा नर यांची जोडी लावायची, मग उलट करायचे. दोन्हीकडच्या मुलींना दोन्ही जातींची गुणसूत्रे सारखीच मिळतात. कर्करोग केवळ गुणसूत्रांतून येत असता तर दोन्हीकडे सारखाच यायला हवा होता. तसे झाले नाही. आई कर्करोगी जातीची असेल तर मुलींना रोग होई. बाप त्या जातीचा असेल तर बहुतेक मुली सुटत. 1933 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा निष्कर्ष छापून आला, तो कोणा एकाच्या नावाने न छापता प्रयोगशाळेच्या कर्मचारीवर्गाच्या नावाने छापला गेला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्समध्ये कोर्टेवेग यांनाही हेच आढळले.

आईकडून येते, पण गुणसूत्रांतून येत नाही, मग येते कुठून? तीन शक्यता होत्या: बीजांडातला गुणसूत्रांबाहेरचा द्रव, गर्भाशय किंवा दूध. बार हार्बरमध्येच काम करणाऱ्या जॉन बिटनर यांनी दुधापासून सुरुवात केली. कर्करोगी जातीच्या मादीची पिल्ले जन्मल्याबरोबर, आईच्या अंगावर प्यायच्या आत उचलायची आणि कर्करोग क्वचित होणाऱ्या जातीच्या दूधआईच्या कुशीत ठेवायची. एवढेच करायचे. ही पिल्ले मोठी झाली, त्यांना पिल्ले झाली, आणि ज्या जातीत बहुतेक माद्या कर्करोगाने मरत त्या जातीतल्या या मुलींपैकी पुष्कळ जणी वाचल्या. 1936 मध्ये बिटनर यांनी हे प्रसिद्ध केले. आईचे रक्त तेच, गर्भाशय तेच, बदलले होते फक्त दूध. पुढे उलटा प्रयोगही झाला: निरोगी जातीची पिल्ले कर्करोगी जातीच्या मादीच्या अंगावर वाढवली तर त्यांना रोग होई.

कर्करोगाच्या इतिहासातला इतका स्वच्छ प्रयोग मला दुसरा दिसत नाही. महागडे यंत्र नाही, रसायन नाही. योग्य वेळी पिल्लू उचलणारा हात आणि दोन वर्षे वाट बघायची तयारी, एवढ्यावर तो उभा आहे.

दुधात असे काय होते? 1940 च्या दशकात जंतूही अडतील अशा गाळण्यांतून दूध गाळले तरी त्याचा परिणाम टिकून राही, म्हणजे कारण जंतूंहूनही बारीक होते. आज कोणीही त्याला विषाणू म्हणेल. बिटनर मात्र वर्षानुवर्षे ‘दुधातला घटक’ असेच म्हणत राहिले. कोंबड्यांमध्ये कर्करोग पसरवणारा विषाणू पेटन राउस यांनी 1911 मध्येच दाखवला होता, पण विषाणूने कर्करोग होतो असे म्हणणाऱ्याकडे त्या काळी संशयाने पाहिले जाई. राउस यांना नोबेल मिळाले ते 1966 साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. बिटनर तोवर हयात नव्हते. ते 1961 मध्येच गेले होते.

लिटल यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. 1947 च्या ऑक्टोबरात वणव्यात जॅक्सन प्रयोगशाळा जळून खाक झाली, हजारो उंदीर मेले, आणि जगभरच्या प्रयोगशाळांनी तिथूनच पूर्वी नेलेल्या जातींचे उंदीर परत पाठवून ती पुन्हा उभी केली. इतका मान असलेला हा माणूस 1954 मध्ये सिगारेट कंपन्यांनी काढलेल्या संशोधन समितीचा वैज्ञानिक संचालक झाला आणि धूम्रपानाने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले नाही असे पुढची अनेक वर्षे सांगत राहिला. ज्याच्या डोळ्यांदेखत, ज्याच्याच छपराखाली कर्करोगाला बाहेरून येणारे कारण सापडले, त्याने हे करावे याचे दुःख वाटते.

आता मुंबईच्या परळला येऊ. टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 मध्ये सुरू झाले तेव्हा त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांच्या हाताखाली काम करायला आलेल्यांत पुण्याच्या कमल रणदिवे होत्या. माहेरच्या समर्थ, वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. कमलताई हुजूरपागेत शिकल्या, मग फर्ग्युसनमध्ये, आणि एम.एस्सी.साठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि सीताफळावरून थेट उंदरांच्या स्तनग्रंथींवर आल्या. कर्करोगाला कमी-अधिक बळी पडणाऱ्या जातींच्या ग्रंथी निरोगी असतानाच एकमेकींहून वेगळ्या दिसतात का, हा त्यांचा प्रश्न होता. 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाल्यावर त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढणाऱ्या ‘हेला’ या मानवी कर्कपेशी पहिल्यांदा वाढवल्या त्या गाय यांच्याच प्रयोगशाळेत. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जगवण्याची ती विद्या घेऊन रणदिवे परतल्या आणि 1952 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातल्या पहिल्या अशा प्रयोगशाळांत तिची गणना होते.

परळच्या या केंद्रात रणदिवे यांनी जे काम केले त्याचा गाभा म्हणजे लॅथ्रॉपबाईंचे धागे आणि बिटनरचा धागा एकत्र ओवणे. विषाणू अंगात असतो, तरी एखाद्या मादीला रोग होतो आणि एखादीला होत नाही. संप्रेरकांचा आणि विषाणूचा परस्परांशी काय संबंध, आणि घराण्याचा कल त्यात काय भर घालतो, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उंदीर वाढवून तपासले. पुढे रेणूंच्या पातळीवर उत्तर मिळाले ते त्या दिशेला दुजोरा देणारेच होते: या विषाणूच्या जनुकीय साखळीच्या टोकाला संप्रेरकांच्या हुकमाने चालणारा एक भाग असतो. गर्भारपणात आणि दूध उतरताना मादीच्या अंगात जी संप्रेरके वाढतात, तीच विषाणूलाही कामाला लावतात. दूध तयार होते त्याच वेळी विषाणूही तयार होतो आणि दुधासोबत पिल्लाच्या पोटात जातो.

1971 मध्ये परळचे नाव या शोधाच्या कथेत जगापुढे आले, आणि ते एका चिंतेच्या प्रसंगी. उंदरांमध्ये असे होते तर माणसांतही होते का, हा प्रश्न साहजिकच होता. मुंबईच्या पारशी समाजातल्या स्त्रियांमध्ये स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण इतर समाजांपेक्षा जास्त आहे हे टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद जे. सी. पेमास्टर यांच्या नोंदींतून दिसले होते. समाज लहान, लग्ने आपसांतली. अमेरिकेतले डॅन मूर यांनी मुंबईच्या मंडळींना बरोबर घेतले: पेमास्टर, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर हुकमत असलेल्या सत्यवती सिरसाट, तरुण संशोधक अखिल वैद्य. मातांच्या दुधाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण घराण्यात कर्करोग असलेल्या अमेरिकन स्त्रियांच्या आणि पारशी स्त्रियांच्या दुधात इतरांपेक्षा पुष्कळ जास्त वेळा आढळले. ‘नेचर’मध्ये लेख आला आणि खळबळ उडाली. घराण्यात कर्करोग असलेल्या आईने मुलीला अंगावर पाजावे की नाही, अशी चर्चा सुरू झाली.

भीतीला आधार होता तेवढा पुराव्याला नव्हता. सूक्ष्मदर्शकात सारखे दिसणे म्हणजे तेच असणे नव्हे. कण असलेले दूध पिऊन वाढलेल्या मुलींना पुढे कर्करोग जास्त झाला असे काही दिसेना. ज्या स्त्रिया स्वतः आईचे दूध प्यायल्या त्यांना बाटलीच्या दुधावर वाढलेल्यांपेक्षा हा रोग जास्त होत नाही, हेही वेगवेगळ्या पाहण्यांतून दिसत गेले. 1995 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बियाट्रिझ पोगो यांच्या गटाला काही मानवी गाठींमध्ये उंदरांच्या विषाणूशी जुळणारे जनुकीय तुकडे सापडले. इतर अनेकांनी शोधले तर सापडले नाहीत. वाद पूर्ण मिटलेला नाही, परंतु माणसांतला स्तनांचा कर्करोग विषाणूमुळे होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही.

माणसांतला शोध अडखळला, तरी उंदरांतला विषाणू शास्त्रज्ञांना एकामागून एक दारे उघडून देत गेला. 1982 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रोएल नुसा आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी दाखवले की हा विषाणू स्तनग्रंथीच्या पेशीच्या डीएनएत स्वतःला खुपसतो, आणि एका ठरावीक जनुकाशेजारी जाऊन बसला की ते जनुक अवेळी जागे होऊन पेशी वाढत सुटतात. ते जनुक आज डब्ल्यूएनटी-1 म्हणून ओळखले जाते आणि त्याच्या कुळातली जनुके गर्भाच्या घडणीपासून माणसाच्या आतड्याच्या कर्करोगापर्यंत सगळीकडे आढळतात.

एक कोडे मात्र तसेच होते. दूध जाते पिल्लाच्या पोटात. कर्करोग होतो काही महिन्यांनी, स्तनग्रंथीत. मधला प्रवास कोण घडवते?

उत्तर भलत्याच दिशेने आले. कर्करोगाशी काही देणेघेणे नसलेल्या प्रतिकारशास्त्रज्ञांना कित्येक वर्षे एक विचित्र गोष्ट छळत होती. दोन जातींच्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी एकत्र ठेवल्या तर कधी कधी त्यांतल्या टी पेशींचा प्रचंड मोठा वाटा एकदम चेकाळून वाढू लागे. एरवी एखादा परका घटक आला तर तो ओळखणाऱ्या टी पेशी लाखात मोजक्या असतात. इथे दहा-वीस टक्के पेशी एकदम उठत. काही जातींत तर टी पेशींची आख्खी घराणीच लहानपणी शरीरातून नाहीशी केलेली आढळत. डेन्व्हरमध्ये काम करणारे फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर हे संशोधक दांपत्य यामागे लागले होते. 1991 मध्ये त्यांना आणि त्याच सुमारास युरोपातल्या संशोधकांनाही उत्तर मिळाले: टी पेशींना असे उठवणारे प्रथिन बिटनरच्या दुधातल्या विषाणूचे होते. काही जातींच्या डीएनएत त्या विषाणूची जुनी प्रत पिढ्यान्‌पिढ्या पडून होती. असल्या प्रथिनाला सुपरअँटिजेन म्हणतात.

मग प्रवासाचा नकाशा उलगडला. दुधातला विषाणू पिल्लाच्या आतड्यात उतरतो. आतड्याच्या भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची ठाणी असतात. तिथल्या बी पेशींमध्ये तो शिरतो. त्या पेशींच्या पृष्ठभागावर तो आपले सुपरअँटिजेन मांडतो. ते पाहून टी पेशींच्या झुंडी धावतात आणि त्यांच्या चिथावणीने बी पेशी भराभर वाढतात. गावात चोर आल्याची हाकाटी खुद्द चोरानेच द्यावी, सारा गाव हातात कंदील घेऊन बाहेर पडावा आणि त्या गर्दीतून चोराने वाट काढावी, तसा हा प्रकार. वाढणाऱ्या पेशींत विषाणू वाढतो आणि लसीकेतून, रक्तातून फिरणाऱ्या या पेशींवर स्वार होऊन मादी वयात येते तेव्हा तिच्या स्तनग्रंथीत पोचतो.

याचा पुरावा फार देखणा आहे. ज्या उंदरांच्या अंगातून ते सुपरअँटिजेन ओळखणाऱ्या टी पेशी आधीच काढून टाकलेल्या होत्या, त्यांना तोच विषाणू दुधातून पाजला तरी तो रुजला नाही. 1992 मध्ये तात्याना गोलोव्हकिना, सुझन रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केले. सैन्याची एक तुकडी नाही म्हणून शरीर वाचले. काही जातींच्या डीएनएत विषाणूची जुनी प्रत का टिकून राहिली असावी, याचे उत्तरही यातच दडलेले असावे: ती प्रत लहानपणीच त्या टी पेशी पुसून टाकते आणि नव्या विषाणूला वाहन मिळू देत नाही.

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत थक्क करतो. जॅक्सन प्रयोगशाळेतल्या सी3एच या जातीची एक शाखा अशी होती की तिच्यात दुधातला विषाणू काही पिढ्यांत आपोआप नाहीसा होई. त्या शाखेत टीएलआर4 नावाचा एक ग्राही बिघडलेला होता. जंतूंच्या कवचातला एक ठरावीक पदार्थ ओळखून शरीराला इशारा देणे हे त्या ग्राहीचे काम. इशारा देणारी घंटाच बिघडली असताना विषाणू हरतो आणि घंटा धड असताना जिंकतो, हे कसे? 2011 मध्ये शिकागोत गोलोव्हकिना यांच्या गटाने खुलासा केला. आतड्यात वसलेल्या नेहमीच्या, निरुपद्रवी जिवाणूंच्या कवचातला तो पदार्थ विषाणू स्वतःच्या अंगाला चिकटवून घेतो. ग्राही तो ओळखतो, आणि घरच्याच जिवाणूंवर शरीराने तुटून पडू नये म्हणून जी शांत राहण्याची आज्ञा दिली जाते ती या विषाणूलाही लागू होते. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांनी किंवा प्रतिजैविके देऊन आतडे रिकामे केलेल्या उंदरांनी हा विषाणू पुढच्या पिढीला दिला नाही.

आतड्यातले जिवाणू, दुधातला विषाणू, टी आणि बी पेशी, बाळंतपणाची संप्रेरके आणि स्तनग्रंथीतले एक जनुक, एवढ्या सगळ्यांनी मिळून उंदरिणीच्या छातीत गाठ होते. यातले कोणतेही एक काढून घेतले की साखळी तुटते. लॅथ्रॉपबाईंच्या वहीतून हे सगळे बाहेर पडायला शंभर वर्षे लागली.

माणसांच्या रोगालाही या विषाणूने वेगळ्या वाटेने हात दिला. संप्रेरकांच्या हुकमाने चालणारा त्याचा तो टोकाचा तुकडा हव्या त्या कर्कजनुकाला जोडला की ते जनुक उंदराच्या स्तनग्रंथीत काम करू लागते. अशा उंदरांमध्ये हाडामांसाच्या शरीरात गाठ कशी वाढते ते पाहता येते. न्यूयॉर्कमध्ये जेफ्री पोलार्ड यांच्या गटाने 2001 मध्ये अशाच उंदरांतून मॅक्रोफेज या भक्षक पेशी कमी केल्या, तर गाठी झाल्या तरी फुप्फुसात पसरण्याचा वेग मंदावला. मॅक्रोफेज जखमा भरून काढतात, मोडतोड साफ करतात. तेच कौशल्य गाठ स्वतःच्या वाढीसाठी वापरून घेते. स्त्रियांच्या गाठींमध्येही मॅक्रोफेजची गर्दी बहुधा चांगले लक्षण नसते, तर काही प्रकारच्या गाठींत टी पेशींची गर्दी हे उपचाराला चांगला प्रतिसाद मिळण्याचे लक्षण असते. म्हणून आज काही रुग्णांच्या गाठीत कोणत्या प्रतिकारक पेशी किती आहेत हे मोजले जाते आणि त्यांना कामाला लावणारी औषधे तिहेरी-नकारात्मक म्हटल्या जाणाऱ्या स्तनांच्या कर्करोगात दिली जातात.

रणदिवे 2001 मध्ये गेल्या. त्याआधी 1973 मध्ये त्यांनी सहकारी स्त्रियांना घेऊन भारतीय महिला वैज्ञानिक संघटना उभी केली, 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा त्यांनी अभ्यास केला. परळचे ते संशोधन केंद्र आता खारघरला आहे. मराठी घरांत त्यांचे नाव जितके माहीत असायला हवे तितके नाही, ही आपली उणीव आहे.

1971 ची ती भीती दूध पिणाऱ्या मुलींबद्दल होती; पाजणाऱ्या आईबद्दलचे सर्वांत भक्कम उत्तर 2002 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. 30 देशांतल्या 47 पाहण्या एकत्र करून, कर्करोग झालेल्या सुमारे पन्नास हजार आणि न झालेल्या सुमारे सत्त्याण्णव हजार स्त्रियांची तुलना केली गेली. अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका 4.3 टक्क्यांनी कमी होतो असे त्यात दिसले. आईला किंवा मावशीला हा रोग झाला म्हणून बाळाला अंगावर पाजायला कचरणारी एखादी तरुण आई तुमच्या घरात असेल, तर तिला हा आकडा जरूर सांगा.